स्विचच्या वेब मॅनेजमेंटसाठी सर्टिफिकेट: विकतचे वाइल्डकार्ड नको, स्वतःचा सीए उभारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका नागरी सहकारी बँकेत मुख्य कार्यालय आणि शाखा मिळून चाळीसेक नेटवर्क स्विच आहेत. बहुतेक सिस्को कॅटलिस्ट, काही अरुबा, आणि लहान शाखांत केवळ वेब पानावरून चालणारे स्वस्त स्विच. ऑडिटरने शेरा लिहिला आहे की स्विचचे व्यवस्थापन एन्क्रिप्टेड असावे आणि त्याचे सर्टिफिकेट (समोरचे उपकरण खरेच तेच आहे याचा डिजिटल दाखला) वैध असावे. बँकेच्या वेबसाइटसाठी घेतलेले वाइल्डकार्ड सर्टिफिकेट, म्हणजे एका डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारे, हाताशी आहे. तेच सगळ्या स्विचवर चढवले तर चालेल का? नसेल, तर काय करायचे?

तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण कृपा करून तसे करू नका. त्याऐवजी स्वतःचा सीए, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी स्वतःची यंत्रणा, उभारा. वाइल्डकार्ड चढवायचे म्हणजे त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) चाळीस ठिकाणी ठेवायची. त्याच कीवर तुमच्या ग्राहकांची वेबसाइट उभी आहे. शाखेतला स्विच जिन्याखालच्या रॅकमध्ये असतो, दुरुस्तीला बाहेर जातो, बदलला की जुना भंगारात जातो. त्यातला एक जरी चुकीच्या हातात पडला तरी वेबसाइटचे सर्टिफिकेट रद्द करण्याची वेळ येईल. दुसरे कारण मुदतीचे. एप्रिल २०२५ मध्ये सीए/ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंचाने) सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा ठराव मंजूर केला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. दर दीड महिन्याला चाळीस स्विचवर हाताने सर्टिफिकेट बदलणारा माणूस कोणत्याच बँकेकडे नसतो. प्रत्येक स्विचसाठी वेगळे सार्वजनिक सर्टिफिकेट घ्यायचे म्हटले, तर त्यातली नावे सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या उघड नोंदवह्यांत जातात. तुमच्या आतल्या स्विचांची नावे जगाला वाचता यावीत याची काहीच गरज नाही.

याच अनुषंगाने आणखी एक शंका बऱ्याचदा येते: अधिकाऱ्यांकडे असलेले डीएससी (डिजिटल सहीचे) टोकन इथे वापरता येईल का? नाही. ते व्यक्तीच्या सहीसाठी असते, त्याची की टोकनबाहेर येत नाही, आणि स्विचच्या वेब सर्व्हरला त्याचा उपयोग नाही.

आता मुद्द्यावर येऊ. तुमच्या स्विचवर आज एन्क्रिप्शन बहुधा आहेच. एचटीटीपीएस सुरू केले की सिस्कोचा स्विच स्वतःच स्वतःला एक सेल्फ-साइन्ड, म्हणजे स्वतःच सही केलेले, सर्टिफिकेट बनवून देतो आणि वाहतूक एन्क्रिप्ट होऊ लागते. ब्राउझर लाल पान दाखवतो, आपण ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून ‘पुढे जा’ म्हणतो आणि पासवर्ड टाकतो. धोका नेमका या सवयीत आहे. समजा त्याच नेटवर्कमध्ये कुणी एआरपी स्पूफिंग करून, म्हणजे आपणच स्विच असल्याचे नेटवर्कला भासवून, मध्ये बसला आणि त्याने आपले सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट पुढे केले. अ‍ॅडमिनला तेच लाल पान दिसेल जे तो रोज पाहतो. तो तेच बटण दाबेल आणि स्विचचा पासवर्ड त्या माणसाला देऊन मोकळा होईल. वाहतूक तेव्हाही एन्क्रिप्टेडच असेल, फक्त भलत्याच माणसाशी. म्हणून या सगळ्या कामाचे ध्येय एकच ठेवा: तुमच्या टीमला स्विच उघडताना इशारा कधीही दिसता कामा नये, म्हणजे ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी हात थांबेल.

सर्टिफिकेटला हात लावण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हे वेब पान तुम्हाला खरेच लागते का? कॅटलिस्टवर तुमची टीम एसएसएचवरूनच (एन्क्रिप्टेड कमांड-लाइनवरून) काम करत असेल तर वेब सर्व्हर पूर्ण बंद करणे हे कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा चांगले उत्तर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वेब पानातला सीव्हीई-२०२३-२०१९८ हा दोष उघड झाला. लॉगिन न करता बाहेरच्या माणसाला लेव्हल १५ चे, म्हणजे सर्वोच्च अधिकाराचे खाते तयार करता येत होते, आणि जगभर हजारो उपकरणे त्यात सापडली. त्यांच्यावर उत्तम सर्टिफिकेट असते तरी काही फरक पडला नसता. सर्टिफिकेट समोर खरा स्विच आहे एवढे सिद्ध करते. वेब पानातला दोष झाकणे त्याच्या हातात नाही. वेब पान ठेवायचेच असेल तर ते वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनवर (वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कवर) ठेवा आणि अ‍ॅक्सेस लिस्ट लावून फक्त जंप सर्व्हरवरून, म्हणजे व्यवस्थापनासाठी राखलेल्या मधल्या संगणकावरून, उघडू द्या. गेस्ट वायफायचे लॉगिन पान किंवा रेस्टकॉन्फ (प्रोग्रामने स्विच हाताळण्याची सोय) यांनाही हाच वेब सर्व्हर लागतो, म्हणून बंद करण्याआधी कोण कोण त्यावर अवलंबून आहे ते पाहा.

पुढचे काम घड्याळाचे. ते कंटाळवाणे वाटते, पण पुढचे अर्धे त्रास इथूनच येतात. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेले जुने कॅटलिस्ट स्विच वीज जाऊन आली की १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. वेळेचा खात्रीचा स्रोत मिळेपर्यंत आयओएस सर्टिफिकेटचे कामच सुरू करत नाही आणि लॉगमध्ये ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह क्लॉक’ असा संदेश देते. म्हणून आधी एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या संस्थांनी एनआयसी (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) किंवा एनपीएलच्या (नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या) वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी आपली घड्याळे जुळवायची आहेत. मुख्य कार्यालयातले दोन सर्व्हर त्यांच्याशी जोडा आणि सगळे स्विच त्या दोघांशी. टाइमझोन म्हणून ‘आयएसटी ५ ३०’ लिहायला विसरू नका. तो न लिहिता कुणी हाताने भारतीय वेळ भरली, तर स्विच तीच वेळ यूटीसी समजतो आणि साडेपाच तास पुढे धावतो.

नंतर नावे. २०१७ मधल्या क्रोम ५८ पासून ब्राउझर सर्टिफिकेटमधले ‘कॉमन नेम’ पाहत नाही, फक्त ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ म्हणजे सॅन पाहतो. तुमची टीम स्विच नावाने उघडते की आयपी पत्त्याने? पत्त्याने उघडत असेल तर सॅनमध्ये तो पत्ता आयपी या प्रकाराखाली हवा. डीएनएस प्रकाराखाली पत्ता लिहिला तर ब्राउझर तो मानत नाही. माझा सल्ला: दोन्ही घाला आणि प्रत्येक स्विचला डीएनएसमध्ये नाव द्या. नावांसाठी बँकेच्या स्वतःच्या डोमेनखालचे आतले उपडोमेन घ्या. ते नको असेल तर ‘डॉट इंटर्नल’ घ्या, इंटरनेटवरची नावे सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने ते जुलै २०२४ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवले आहे. ‘डॉट लोकल’ टाळा, ते मल्टिकास्ट डीएनएसचे आहे आणि मॅक व लिनक्स संगणकांवर गोंधळ घालते.

आता सीए, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी तुमची स्वतःची यंत्रणा. बँकेत विंडोज अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा सर्टिफिकेट सर्व्हर आधीच असेल तर तोच वापरा. त्यातला ‘वेब सर्व्हर’ टेम्प्लेट कॉपी करून स्विचसाठी वेगळा टेम्प्लेट करा आणि त्यावर विनंती करण्याचा हक्क दोघातिघांपुरताच ठेवा. इथे एक इशारा मनापासून देतो. विनंतीत सॅन येत नसेल तर सीएवर ‘एडिटएफ अ‍ॅट्रिब्यूट सब्जेक्टऑल्टनेम टू’ हा फ्लॅग चालू करा, असा सल्ला जागोजागी लिहिलेला सापडतो. तो पाळू नका. त्या फ्लॅगमुळे सॅनमध्ये काय असावे हे कोणत्याही टेम्प्लेटवर विनंती करणारा ठरवू शकतो, आणि साधा वापरकर्ता डोमेन अ‍ॅडमिनच्या नावाचे सर्टिफिकेट मागण्याची वाट उघडते. एका स्विचच्या सोयीसाठी अख्खे डोमेन पणाला लावण्यासारखे ते आहे. सॅन सीएसआरमध्येच, म्हणजे सर्टिफिकेटच्या विनंतीच्या फाइलमध्येच, घाला.

असा सर्व्हर नसेल तर एक्ससीए हे मोफत सॉफ्टवेअर चाळीस स्विचसाठी पुरते. नेटवर्कला न जोडलेल्या, डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या लॅपटॉपवर ते ठेवा. रूटची, म्हणजे सीएच्या मूळ सर्टिफिकेटची, की आरएसए ४०९६, मुदत दहा वर्षे. रूटमध्ये ‘नेम कन्स्ट्रेंट्स’ घाला: हा सीए फक्त तुमच्या आतल्या डोमेनच्या नावांना आणि मॅनेजमेंटच्या आयपी पट्ट्यालाच सर्टिफिकेट देऊ शकतो. डीएनएसचे बंधन घालून आयपीचे विसरू नका, कारण ज्या प्रकारावर बंधन नाही तो मोकळाच राहतो. हे केले की उद्या रूटची की चोरीला गेली तरी तिच्यावरून दुसऱ्या बँकेच्या नावाचे ब्राउझरला पटेल असे सर्टिफिकेट बनवता येणार नाही. आणि हे रूट कॅशियरच्या संगणकापासून चेअरमनच्या लॅपटॉपपर्यंत सगळीकडे ढकलण्याचे कारण नाही. स्विच उघडणारे जेवढे संगणक आहेत, बहुतेक वेळा फक्त जंप सर्व्हर, तेवढ्यांवरच ते बसवा. फायरफॉक्स आपला वेगळा साठा ठेवतो, तोही तपासा.

स्विचच्या सर्टिफिकेटची मुदत किती? खासगी सीएला ब्राउझर फोरमचे ४७ दिवस लागू नाहीत. पण अ‍ॅपलची उपकरणे १ जुलै २०१९ नंतर दिलेले ८२५ दिवसांपेक्षा लांब सर्टिफिकेट खासगी सीएचे असले तरी नाकारतात. मी एक वर्ष देतो. वर्षातून एकदा हे काम हातून गेले की टीमला ते आठवणीत राहते. दहा वर्षांचे सर्टिफिकेट दिले तर ते संपेल तेव्हा ते कसे केले होते हे माहीत असणारा कुणीच कामावर नसतो.

आता सिस्को. कमांड इथे देवनागरीत लिहितो आहे, स्विचवर नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा. पहिली की:

क्रिप्टो की जनरेट आरएसए लेबल वेबकी मॉड्युलस २०४८

लेबल द्याच. लेबल नसेल तर कीचे नाव होस्टनेम आणि डोमेनवरून ठरते आणि एसएसएचच्या कीशी गल्लत होते. ‘एक्सपोर्टेबल’ हा शब्द लावू नका. की स्विचमध्ये जन्मली, ती तिथेच राहू द्या, हाच या पद्धतीचा फायदा आहे. ४०९६ चा मोह नको, जुन्या अ‍ॅक्सेस स्विचचा प्रोसेसर ती बनवताना बराच वेळ अडकतो. आणि जुनी की पुसण्यासाठी लेबलशिवाय ‘क्रिप्टो की झिरोआइझ आरएसए’ कधीही देऊ नका. ती सगळ्या आरएसए की पुसते, त्यात एसएसएचचीही जाते, आणि दूरच्या शाखेतल्या स्विचसाठी कन्सोल केबल घेऊन गाडी काढावी लागते.

मग ‘क्रिप्टो पीकेआय ट्रस्टपॉइंट’ने ट्रस्टपॉइंट, म्हणजे सीए आणि सर्टिफिकेटची स्विचमधली नोंद, तयार करा. त्यात ‘एनरोलमेंट टर्मिनल पेम’, ‘सब्जेक्ट-नेम’मध्ये स्विचचे पूर्ण नाव, ‘आरएसएकीपेअर वेबकी’, ‘हॅश शा२५६’ आणि ‘रिव्होकेशन-चेक नन’ या ओळी येतात. सर्टिफिकेट रद्द झाले आहे का हे तपासू नको, असे सांगणारी शेवटची ओळ खटकेल, पण इथे स्विच फक्त आपलेच सर्टिफिकेट ठेवतो आहे, दुसऱ्या कुणाचे तपासत नाही, म्हणून ती चालते. त्याच ट्रस्टपॉइंटवर पुढे दुसऱ्यांची सर्टिफिकेटे तपासायची असतील तर ती चालणार नाही. नंतर ‘क्रिप्टो पीकेआय ऑथेंटिकेट’ देऊन सीएचे सर्टिफिकेट चिकटवा, फिंगरप्रिंट डोळ्यांनी जुळवा, आणि ‘क्रिप्टो पीकेआय एनरोल’ने सीएसआर मिळवा.

सीएसआर थेट सहीला पाठवू नका. ओपनएसएसएलच्या ‘रेक’ कमांडने तो उघडून सॅन आत आहे का ते पाहा. आयओएसच्या सगळ्या आवृत्त्या सॅन सारख्या तऱ्हेने घालत नाहीत. नसेल तर सही करताना सीएच्या बाजूने घाला. ओपनएसएसएलने सही करत असाल तर लक्षात ठेवा की त्याची ‘एक्स५०९’ कमांड सीएसआरमधली एक्स्टेन्शन्स आपोआप उचलत नाही. वेगळी एक्स्टेन्शन फाइल द्यावी लागते, किंवा आवृत्ती ३.० पासून आलेला ‘कॉपी एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय. सॅन नसलेले सर्टिफिकेट तयार होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते, आणि लोक दोष स्विचला देत बसतात.

सही झालेले सर्टिफिकेट ‘क्रिप्टो पीकेआय इम्पोर्ट’ने आत घ्या. ‘आयपी एचटीटीपी सिक्युअर-ट्रस्टपॉइंट’ने ते वेब सर्व्हरला जोडा. ‘नो आयपी एचटीटीपी सर्व्हर’ने साधे एचटीटीपी बंद करा. ‘आयपी एचटीटीपी सिक्युअर-सर्व्हर’ एकदा बंद करून परत सुरू करा, नाहीतर तो बऱ्याचदा जुनेच सर्टिफिकेट देत राहतो. ‘राइट मेमरी’ करा. ती राहिली तर पुढच्या रीबूटला सगळी मेहनत वाया जाईल.

तुमचा सीए दोन पातळ्यांचा असेल, वर रूट आणि खाली सही करणारा मधला सीए, तर ट्रस्टपॉइंट ज्या सीएने प्रत्यक्ष सही केली त्याच्याच सर्टिफिकेटने ऑथेंटिकेट करायचा. तिथे रूट चिकटवले की इम्पोर्ट अडते. रूटसाठी वेगळा ट्रस्टपॉइंट करा. मधल्या सीएचे सर्टिफिकेट जंप सर्व्हरवरही बसवून ठेवा, म्हणजे स्विचने पूर्ण साखळी पाठवली नाही तरी ब्राउझर अडणार नाही.

अरुबाच्या जुन्या, प्रोकर्व्हच्या घराण्यातल्या स्विचवर क्रम तसाच आहे, नावे वेगळी. ‘क्रिप्टो पीकेआय टीए-प्रोफाइल’ने सीएसाठी जागा करायची, सीएचे सर्टिफिकेट त्यात कॉपी करायचे, ‘क्रिप्टो पीकेआय क्रिएट-सीएसआर’मध्ये ‘युसेज वेब’ सांगायचे, ‘इन्स्टॉल-साइन्ड-सर्टिफिकेट’ने परत आणायचे, मग ‘वेब-मॅनेजमेंट एसएसएल’ आणि ‘नो वेब-मॅनेजमेंट प्लेनटेक्स्ट’. सीएक्स मालिकेवर सर्टिफिकेट आत घेतल्यावर ‘क्रिप्टो पीकेआय अ‍ॅप्लिकेशन एचटीटीपीएस-सर्व्हर’ने ते वेब सर्व्हरला जोडावे लागते. ही ओळ राहिली तर सर्टिफिकेट आत पडून राहते आणि ब्राउझरला जुनेच दिसते.

छोट्या शाखांतल्या स्वस्त स्विचकडे मात्र नीट लक्ष द्या. त्यांना वेब पानाशिवाय दुसरा दरवाजा नसतो, म्हणून खऱ्या सर्टिफिकेटची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. काहींवर सीएसआर बनतच नाही. की आणि सर्टिफिकेट दोन्ही बाहेर तयार करून चढवावी लागतात. अशा वेळी प्रत्येक स्विचसाठी वेगळी की बनवा, चढवून झाली की तयार करणाऱ्या संगणकावरून ती फाइल पुसा, आणि ईमेलने कधीही पाठवू नका.

बाहेरून पीकेसीएस-१२ फाइल (की आणि सर्टिफिकेट एकत्र असलेली) चढवताना हमखास येणारी एक अडचण आहे. पासवर्ड बरोबर असूनही जुना स्विच फाइल नाकारतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने या फाइलचे एन्क्रिप्शन एईएस-२५६ वर नेले आणि जुन्या फर्मवेअरला ते वाचता येत नाही. फाइल बनवताना ‘लेगसी’ पर्याय द्या, किंवा की आणि सर्टिफिकेट दोन्हींसाठी ट्रिपल-डेस व फाइल बदललेली नाही हे तपासणाऱ्या मॅक या खुणेसाठी शा-१ सांगा. हे आवरण दुबळे आहे, म्हणून फाइल सुरक्षित वाटेने न्या आणि लगेच नष्ट करा.

सेल्फ-साइन्डवरच भागवू म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. सिस्को आयओएसच्या अनेक आवृत्त्यांमध्ये सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटची अंतिम तारीख कोडमध्येच १ जानेवारी २०२० ठरलेली होती. त्या दिवशी यूटीसी मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, ती सगळी एकदम संपली, आणि त्या आवृत्त्यांवर नवीन सेल्फ-साइन्ड बनवताही येईना. आयओएस एक्सई १६.९.१ पासून हा दोष नाही. ज्यांच्याकडे सीएने सही केलेली सर्टिफिकेटे होती त्यांना याची झळ लागली नाही. तुमच्याकडे जुन्या आवृत्तीचे स्विच असतील तर तिथेही सीएचेच सर्टिफिकेट हा सरळ उपाय आहे.

टीमला आणि व्यवस्थापनाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: वेब मॅनेजमेंटचे सर्टिफिकेट संपल्याने शाखेचे काम थांबत नाही. पॅकेट जात-येत राहतात, फक्त अ‍ॅडमिनला इशारा दिसतो. त्यामुळे घाईने, दुपारी काउंटर चालू असताना, चाळीस स्विचवर हात फिरवण्याचे कारण नाही. मुख्य कार्यालयातल्या एका अ‍ॅक्सेस स्विचपासून सुरुवात करा. एसएसएचचे एक सेशन उघडे ठेवा, वेब दुसऱ्या संगणकावरून तपासा, ‘शो आयपी एचटीटीपी सर्व्हर सिक्युअर स्टेटस’मध्ये योग्य ट्रस्टपॉइंट दिसतो का ते पाहा, आणि मगच पुढच्यावर जा.

नूतनीकरणासाठी माणसाच्या आठवणीवर राहू नका. झॅबिक्स किंवा नागिओससारखे देखरेखीचे सॉफ्टवेअर असेल तर प्रत्येक स्विचच्या ४४३ पोर्टवरचे सर्टिफिकेट रोज तपासून मुदत संपण्याआधी तीस दिवस इशारा द्यायला लावा. एक साधी वहीही ठेवा: स्विचचे नाव, ठिकाण, सर्टिफिकेटचा क्रमांक, संपण्याची तारीख. बिघडलेला स्विच बदलताना ही वही कामी येते. कॉन्फिगरेशनच्या बॅकअपमध्ये सर्टिफिकेट हेक्स अक्षरांत दिसते, पण प्रायव्हेट की त्यात नसते. नव्या स्विचवर जुने कॉन्फिगरेशन टाकले की लोकांना वाटते सगळे परत आले. तिथे नवीन की, नवीन सीएसआर, नवीन सही असेच करावे लागते, आणि जुने सर्टिफिकेट सीएवर रद्द करून वहीत तशी नोंद घालायची.

काही जुने स्विच टीएलएस १.२ (एचटीटीपीएसमागचा एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉल) बोलूच शकणार नाहीत. १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या आणि आजचे ब्राउझर त्यांच्याशी जोडत नाहीत. त्यांच्यासाठी जुना ब्राउझर सांभाळून ठेवण्याचा उद्योग करू नका. फर्मवेअर अपडेट मिळत असेल तर घ्या. नसेल तर वेब बंद करा आणि एसएसएच किंवा कन्सोलवर भागवा. ज्याला एसएसएचही नाही तो बदलण्याच्या यादीत टाका.

ऑडिटरला उत्तर देताना चार गोष्टी जोडा: सीएचे छोटे धोरण, सर्टिफिकेटांची वही, ज्या स्विचवर वेब बंद केले त्यांची यादी, आणि जे अजून बदलायचे आहेत त्यांची तारखांसह यादी. ही शेवटची यादी लपवू नका. ‘सगळे झाले’ असे लिहून पुढच्या वर्षी एखाद्या शाखेत जुना स्विच सापडण्यापेक्षा, तो कुठे आहे आणि कधी बदलला जाणार हे आज लिहून दिलेले ऑडिटरलाही चालते आणि तुमच्या बजेटच्या मागणीलाही आधार देते.